ईएमआयवरचा ट्रेक : कळसूबाई ते हरिश्चंद्रगड, पाच हप्त्यांत

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोललं तसंच ठेवलंय, फक्त ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत.)

 

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. ‘दादा, मोठा ट्रेक करायचाय, पण सलग पाच-सहा दिवस सुट्टी मिळत नाही. काय करू?’ माझं उत्तर सोपं आहे. हप्त्यात करा. फोन ईएमआयवर घेतो ना आपण? मग डोंगर का नाही?

मी कळसूबाईपासून हरिश्चंद्रगडापर्यंतची वाट पाच हप्त्यांत चाललो. आपल्या नगर जिल्ह्यातला, आता अहिल्यानगर म्हणायचं, अकोले तालुक्यातला हा पट्टा. पाय दणकट असलेली माणसं सलग चार-पाच दिवसांत करतात. मला साडेतीन वर्षं लागली. त्यात एक हप्ता बुडाला. आज मुख्यतः त्या बुडालेल्या हप्त्याबद्दलच बोलायचंय.

आधी नियम सांगतो, एकच आहे. जिथे थांबलात, पुढच्या वेळी बरोब्बर तिथूनच सुरू करायचं. मधला तुकडा गाडीनं उडवायचा नाही. हा नियम माझा नाही. नर्मदा परिक्रमेत ‘खंड परिक्रमा’ असते. ज्यांना सलग जमत नाही ते काही दिवस चालतात, घरी जातात, नोकरी-संसार सांभाळतात आणि परत येऊन सोडली त्या ठिकाणाहून पुढे निघतात. त्यांना कोणी ‘अर्धवट’ म्हणत नाही. तिकडे अमेरिकेत ॲपलाचियन ट्रेल आहे, चौदा राज्यांतून जाणारी, साधारण साडेतीन हजार किलोमीटरची. तीही कितीतरी लोक तुकड्यातुकड्यानं चालतात, काही जण वीस-वीस वर्षं. म्हणजे आपण काही वेगळं करत नाही.

फरक एवढाच की त्या वाटेवर झाडाझाडावर पांढरे पट्टे रंगवलेत. आपल्याकडे तसं काही नाही. आपल्याकडे वाट म्हणजे गावच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चालून पाडलेली वाट. ती माहीत असते तीही त्यांनाच. हे मला उशिरा कळलं.

पहिला हप्ता : बारी ते कळसूबाई

ऑगस्ट महिना. कळसूबाई 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. बारी गावातून चढायचं, मध्ये लोखंडी शिड्या. आम्ही चौघं मित्र, अंगात रेनकोट आणि समोर रांग. हो, रांग! रविवारी पावसाळ्यात शिडीखाली दर्शनाला उभं राहावं तसं उभं राहावं लागतं. वर देवीचं छोटं देऊळ आणि पांढरंफटक धुकं. समोर काय दिसतं विचाराल तर पुढच्या माणसाची बॅग दिसली. पण मजा आली. उतरून बारीत गरम भाकरी-पिठलं खाताना ठरलं, इथून चालत हरिश्चंद्रगड गाठायचा. भरल्या पोटी माणूस काहीही ठरवतो.

दुसरा हप्ता : बारी ते रतनवाडी

डिसेंबर. हा हप्ता बहुतेक सगळा डांबरी रस्ता, त्यामुळे ट्रेकर मंडळी तो गाडीनंच करतात. आम्ही नियमाला धरून चाललो. बारीहून शेंडी, म्हणजे भंडारदरा धरणाचं गाव. तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी जलाशयाच्या कडेकडेनं मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडी. जवळपास वीस किलोमीटर, पायांचे तळवे पेटले.

पण गाडीतून जे दिसत नाही ते चालताना दिसतं. हे धरण प्रवरेवर. 1910 मध्ये काम सुरू झालं, 1926 मध्ये पूर्ण झालं. इंग्रजांनी धरणाला विल्सनचं आणि पाण्याला आर्थरचं नाव दिलं. आता जलाशयाला राघोजी भांगरे यांचं नाव आहे. याच तालुक्यातल्या देवगावचे, महादेव कोळी समाजातले. इंग्रजांविरुद्ध आणि सावकारीविरुद्ध उठाव केला म्हणून 1848 मध्ये ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. आपण तिथे काजवे बघायला जातो, धबधब्यासमोर रील करतो, आणि हे नाव पाटीवर वाचून पुढे जातो. मीही जायचो.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आहे. काळ्या दगडावर काय कोरीव काम आहे ते! शेजारी पुष्करणी. आम्ही पायरीवर बूट काढून बसलो, आणि तिथे दुसरा हप्ता संपला.

तिसरा हप्ता, जो बुडाला

आता नीट ऐका.

फेब्रुवारीचा शेवट. प्लॅन असा की रतनवाडीहून रतनगड चढायचा, वरचं नेढं बघायचं, खाली फाट्यावर यायचं आणि तिथून कात्राबाईची खिंड ओलांडून संध्याकाळपर्यंत कुमशेत. नेढं म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक. त्यात बसलं की दोन्ही बाजूंनी वारा. आम्ही तिथे एक तास फोटो काढले. चुकांची सुरुवात तिथे झाली.

फाट्यावर आलो तेव्हा एक वाजून गेला होता. पाणी प्रत्येकी दोन लिटर घेतलेलं, त्यातलं निम्म्याहून जास्त संपलेलं. गावातल्या एका मामांनी सकाळी विचारलं होतं, ‘वाट दावाया येऊ का?’ मी म्हटलं, ‘नको मामा, मोबाईलमध्ये आहे.’ कुणाची तरी जीपीएक्स फाईल डाऊनलोड केली होती. स्क्रीनवर छान लाल रेघ. आता मला सांगा, ती रेघ ज्यानं काढली तो स्वतः चुकला नव्हता कशावरून?

तो चुकलाच होता. तासाभरानं लाल रेघ कारवीच्या जाळीत शिरली. आम्हीही शिरलो. ती होती ढोरवाट, गुरं चरायला जातात ती. पुढे ती फुटून तिच्या चार वाटा झाल्या आणि चारही संपल्या. वर ऊन, खाली वाळलेला पाला, फोन बारा टक्क्यांवर.

आमच्यातल्या एकाला आधी पायात गोळे आले. मग तो गप्प झाला. मग उलटी. मी त्याला काय म्हणालो असेन? ‘अजून अर्धा तास ओढ. खिंड इथंच आहे.’ तो थोडा चालला आणि खाली बसला. त्याचे हात गरम आणि कोरडे लागत होते, घाम येणं थांबलं होतं. बाकीचे दोघं म्हणाले, मागे फिरू. आणि मी, जो स्वतःला ग्रुपचा लीडर समजत होतो, तो सगळ्यांसमोर म्हणालो, ‘तुझ्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बोंबलला.’

हे मी आज माईकसमोर सांगतोय कारण उन्हात घाम थांबणं म्हणजे काय ते तेव्हा मला माहीत नव्हतं. ती उष्माघाताची खूण असू शकते. माणूस जाऊ शकतो त्यात. आणि मला पडली होती ट्रेकची.

उरलेलं पाणी थोडं त्याला पाजलं, थोडं रुमालावर घेऊन मानेवर ठेवलं. सावलीत तासभर पडून राहिलो. मग आलो त्याच पावलांनी मागे. रतनवाडीत पोचलो तेव्हा अंधार पडला होता. एका घरातल्या मावशींनी त्याला ओसरीवर निजवलं, घोट घोट मीठ-साखरेचं पाणी दिलं. मी कोपऱ्यात बसून पुटपुटत होतो की खिंड राहिली, खिंड राहिली. मावशी म्हणाल्या, ‘आरं पोरा, खिंड काय उद्या पळून चाललीय का?’

तो मित्र दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन ठीक झाला. पण आमच्या ग्रुपमधून हळूच बाहेर पडला. मी सॉरीचा मेसेज टाकला. त्यानं अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीत आहे.

तिसरा हप्ता, पुन्हा

मध्ये दोन वर्षं गेली. बाबांचं आजारपण, नवी नोकरी, नेहमीचंच. मग एका जानेवारीत मी एकटाच रतनवाडीत उतरलो. त्याच मामांकडे गेलो. म्हटलं, ‘मामा, यावेळी चला.’ ते नुसतं हसले, जुना हिशोब काढला नाही.

पहाटे निघालो. चार लिटर पाणी. मामांनी एकच सूचना दिली. ‘मोबाईल खिशात ठेव, पायाकडं बघ.’ आम्ही चुकलो होतो ती जागा त्यांनी दाखवली. वाट तिथून फक्त वीस पावलांवर होती. वीस! पावसाळ्यात कारवी माजते आणि वाटेचं तोंड झाकून टाकते. माणसाच्या वाटेवरचे दगड झिजलेले असतात, ढोरवाटेचे नसतात. हे कुठल्या फाईलमध्ये येणार?

खिंडीत पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. मामांनी मागे बोट दाखवलं. ‘तिकडचं पाणी प्रवरेला.’ मग पुढे. ‘हिकडचं मुळेला.’ मी उभा होतो ती धार म्हणजे दोन नद्यांमधली भिंत. मुळा पुढे जाऊन प्रवरेलाच मिळते आणि प्रवरा गोदावरीला. इथे वेगळं झालेलं पाणी खाली नेवाशाकडे पुन्हा एक होतं. हे ऐकताना मला त्या मित्राची आठवण आली, खोटं कशाला बोलू.

आणि मामांसाठी ही खिंड ‘ट्रेक’ नव्हतीच. त्यांची बहीण कुमशेतकडच्या बाजूला दिलेली. सण असो, मयत असो, याच वाटेनं जायचं. कुमशेतात उतरलो तर ओळखीची घरं, चहा, विचारपूस. गावातल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन येताना दिसल्या. जानेवारीत पाणी जवळ असतं. एप्रिल-मेमध्ये किती लांब जावं लागतं ते त्यांनी सांगितलं, आणि मला माझे ते संपलेले दोन लिटर आठवले. धो धो पाऊस पडणारा हा भाग, दोन नद्या इथे उगम पावतात, आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. आपण एक दिवस तहानलो तर त्याची स्टोरी होते.

चौथा आणि पाचवा हप्ता

चौथा पटकन सांगतो. पुढच्या डिसेंबरात कुमशेतहून मुळेचं खोरं ओलांडून पेठेची वाडी, तिथून पाचनई, आणि पाचनईहून कड्याखालच्या वाटेनं हरिश्चंद्रगड. सोबत कुमशेतचा एक तरुण वाटाड्या. गडावर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, शेजारी केदारेश्वराची गुहा. गुहेत भलंमोठं शिवलिंग, भोवती कंबरभर गार पाणी, आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. संध्याकाळी कोकणकडा. पोटावर झोपून खाली बघा, उभं राहून नाही. कड्याच्या टोकाशी सेल्फी तर अजिबात नाही.

पाचव्या हप्त्याच्या आधी मी त्या मित्राला मेसेज नाही, फोन केला. म्हटलं, ‘त्या दिवशी मी चुकीचं बोललो. तुझ्यामुळे ट्रेक बुडाला नव्हता, माझ्यामुळे बुडाला होता. आणि तुला काही झालं असतं तर…’ पुढे मला बोलता आलं नाही. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, ‘शेवटचा टप्पा कधी आहे?’

तो आला. एका शनिवारी पाचनईहूनच गडावर गेलो, रविवारी सकाळी देवळापासून पाचवा हप्ता सुरू केला. सात टेकड्यांची चढउतार, रेलिंग लावलेला कातळ, मग टोलार खिंड. खिंडीत वाघाचं जुनं शिल्प आहे, त्याच्या शेजारी बसून चिक्की खाल्ली. तिथून खिरेश्वर, म्हणजे पुणे जिल्हा लागला. पुढे धरणाच्या कडेनं खुबी फाट्यावर येऊन बस धरली. झाली वाट पूर्ण. माझी.

त्याची नाही. त्याचा रतनवाडी ते पाचनई हा तुकडा राहिलाय. बसमध्ये तोच म्हणाला, ‘नियम म्हणजे नियम.’ त्यामुळे येत्या जानेवारीत आम्ही पुन्हा रतनवाडीला चाललोय. मामांना फोन झालाय. मी तो टप्पा परत चालणार, आणि यावेळी तो सांगेल तिथे थांबणार.

निघण्याआधी

तुम्ही जाणार असाल तर थोडक्यात. मुंबईकडून कसारा किंवा घोटी, पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर असं यायचं. एसटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. कात्राबाईचा टप्पा नोव्हेंबर ते जानेवारीतच करा. भर पावसात वाट दिसत नाही, उन्हाळ्यात पाणी नाही. माणशी चार लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं. गावातला वाटाड्या घ्या आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. शेकरू दिसला तर गप्प बसून बघा, आणि नेलेलं प्लास्टिक परत आणा. दुपारी बारापर्यंत निम्मी वाट झाली नसेल तर मागे फिरा. कोणी बसलं, तर सगळ्यांनी बसायचं.

खिंड कुठे पळून जात नाही. हप्ता चुकला तर पुढच्या वर्षी भरता येतो, आणि डोंगर त्यावर व्याज लावत नाही. माणूस मात्र सोबत आणायचा आणि सोबत परत न्यायचा.

तुमचा कुठला टप्पा राहिलाय? आणि कोणासोबतचा राहिलाय? त्याला आज फोन करा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, पाणी प्या.