पोराची डिग्री आणि प्लॉटाचा पट्टा

(मेळाव्यात संघटनेच्या युवक गटाने केलेले भाषण. पाड्यापाड्यावर वाचून दाखवता यावे म्हणून लिहून काढले आहे.)



आम्ही युवक गटातली पोरं बहुतेक बारावी झालेली. दोघं-तिघं दहावीलाच अडकली. कॉलेज पुरं केलेला आमच्यात एकही नाही. म्हणून आम्ही डिग्रीवर बोललो की कोणी म्हणेल, यांना मिळाली नाही म्हणून बोलतात. म्हणू द्या. पण दावे बघायला आम्ही ज्या ज्या पाड्यावर गेलो तिथं दाव्याच्या आधी हेच विचारलं गेलं: डिग्री नसली तर पोराचं पुढं काही खरं नाही, मग पैसा कुठून आणू?

आणि काहींनी तो कुठून आणला तेही कळलं. एका पाड्यात बाबाने वनहक्काचा पट्टा सावकाराच्या घरी ठेवलाय. पोराच्या डी.एड.चं डोनेशन भरायला. (डी.एड. ही खरी तर पदविका, पण आपल्याकडे सगळ्यालाच डिग्री म्हणतात.) पोरगा चांगल्या मार्काने पास झाला, पण शिक्षकांची भरती काही निघाली नाही. आता तो वीटभट्टीवर मुकादमाचा हिशोब लिहितो, त्याच भट्टीवर बाप विटा थापतो, आणि प्लॉटात नागली लावतो सावकाराचा माणूस.

बाबाला आम्ही नावं ठेवत नाही. त्याने पोरासाठीच केलं. पण कायदा काय म्हणतो ते सगळ्यांनी ऐकून ठेवा. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 4 मध्ये लिहिलंय की ही जमीन वारसाने पोराबाळांना जाते, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो, तेही तिथंच लिहिलंय. म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन सावकार मालक होत नाही. आणि आयेला न विचारता बाबाने पट्टा उचलून द्यायचा, हा कुठला न्याय? ज्यांचा पट्टा असा अडकलाय त्यांनी लाजू नका. संघटनेला सांगा, आपण दहा-वीस जणं मिळून मागायला जाऊ.

आता डिग्री लागते कुठं ते बघू. तलाठी व्हायचं तर लागते. वकील, डॉक्टर व्हायचं तर लागतेच. पोलिसाला बारावी पुरते. वनरक्षकाच्या भरतीत आपल्या आदिवासी पोरांना दहावी चालते. आपल्यातला वकील आपल्याला पाहिजे का? पाहिजेच. कोर्टात आपलं गाऱ्हाणं दरवेळी शहरातल्या माणसानेच मांडायचं, हे किती वर्षं चालवणार? ज्या पोरीला, पोराला असं ठरवून जायचंय त्यांनी जावं. सरकारी कॉलेज, आदिवासी वसतिगृह, शिष्यवृत्ती, सगळे अर्ज आम्ही भरून देऊ. जात पडताळणीला वेळ लागतो, तिचे कागद अकरावीतच गोळा करायला घ्या. डोनेशन मागणाऱ्याच्या दारात मात्र जाऊ नका.

पण डिग्री नाही म्हणजे माणूस बिनकामाचा, हे आम्हाला पटत नाही. आपल्या दाव्याचंच बघा. नियम 13 मध्ये पुरावे सांगितलेत. घर, बांध, जमीन सपाट केलेली, हे पुरावे. गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब, हाही पुरावा. तो म्हातारा दावेदार सोडून दुसरा पाहिजे, आणि एकापेक्षा जास्त पुरावे पाहिजेत, एवढंच. ज्या बाबाने शाळेचं तोंड बघितलं नाही त्याचं बोलणं कायद्याने मानलंय. फक्त ते लिहून घेतलेलं पाहिजे.

आपलं अडतं ते इथं. एका गावात लिहिणारं कोणी पुढं आलं नाही, तर बाहेरच्या माणसाने पैसे घेऊन सगळ्यांचे जबाब लिहिले. मजकूर एकच, नावं तेवढी बदललेली. सगळे दावे एकदम नामंजूर. शेजारच्या पाड्यावर आठवी शिकलेल्या एका ताईने बाबाजवळ बसून तो बोलेल तसं लिहिलं: ओहोळ कुठला, बांध कोणी घातला, वनखात्याने दंड कोणत्या साली घेतला, तेव्हा कोण कोण हजर होतं. तो दावा मंजूर झाला असं नाही, अजून पडून आहे. पण त्याला नाही म्हणायला साहेबाला कारण सापडत नाही.

तिकडे लांब गडचिरोलीत मेंढा (लेखा) गाव आहे, गोंड लोकांचं. 2009 साली त्यांनी सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, 2011 पासून आपला बांबू आपण विकायला लागले. कॉलेजवाल्यांची वाट बघत ते बसले नाहीत. गावात अभ्यास गट केला. जाणकाराला बोलवायचं, कायदा समजून घ्यायचा, शंका विचारायच्या. जाणकार कितीही शिकलेला असो, निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वांच्या सहमतीने.

आणि एक बोलायचं राहतं नेहमी. दिवाळी झाली की भट्टीला निघताना धाकट्याला सांभाळायला पोरीला सोबत नेतात. चौथी-पाचवीतच तिची शाळा सुटते. पोऱ्याच्या डोनेशनला पट्टा निघतो, आणि सरकारी आश्रमशाळेत राहणं-जेवण फुकट असून पोरीला ठेवत नाही! आम्हाला डिग्रीपेक्षा हिची काळजी जास्त वाटते. उद्या जबाब कोण लिहिणार, हीच ना?

तर यंदा असं करायचं ठरलंय. प्रत्येक पाड्याने दोघांची नावं द्यायची, त्यात एक बाई पाहिजे. वाचता-लिहिता आलं म्हणजे झालं, दाखला कोणी मागणार नाही. दोन दिवस जबाब लिहायला आणि जीपीएसने प्लॉट मोजायला शिकवू. दावा नामंजूर झाला तर 60 दिवसांच्या आत वर दाद मागायची असते, तो अर्जही लिहून बघू. यंत्रं दोनच आहेत, म्हणून पाळी लावू. जबाब मात्र पावसाच्या आधी घ्यायला पाहिजेत. गेल्या वर्षी एका पाड्यातले सगळं माहीत असलेले दोन म्हातारे वारले, त्यांचं कोणी लिहून घेतलं नव्हतं.

येताना वही, पेन आणि आपापली भाकरी आणा. भाजी संघटना करील.