ओली हळद की हळदीची गोळी?

श्रोते हो, माघ-फाल्गुनात हळदीची काढणी सुरू झाली म्हणजे आठवड्याच्या बाजारात ओल्या हळदीचे वाटे दिसू लागतात. त्याच पेठेत औषधांच्या दुकानात हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलची बाटलीही मिळते. शहरात नोकरीला असलेला मुलगा आईच्या गुडघ्यांसाठी ती घेऊन येतो, आणि घरात प्रश्न निघतो: परसातली हळद खावी, की ही गोळी घ्यावी? हळदच ती, दोन्ही सारखीच, असे आपण म्हणतो. पण त्या सारख्या नाहीत. कशा, ते आज पाहू.

हळदीला पिवळा रंग देणारे जे द्रव्य, त्याला कर्क्युमीन म्हणतात. १८१५ साली ते प्रथम हळदीतून वेगळे काढण्यात आले. वाळलेल्या हळदीत ते शेकडा तीनच्या आसपास असते. जातीप्रमाणे व जमिनीप्रमाणे कमीजास्त होते. सांगलीची हळद आणि वर्धा जिल्ह्यातील वायगावची हळद या दोहोंना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पण कोणतीही हळद घेतली तरी तिच्यात कर्क्युमीन थोडेच, आणि बाकी पिष्ट, तंतू व सुगंधी तेल.

आता थोडे गणित करू. शिक्षक बंधुभगिनींनी ते वर्गात फळ्यावर मांडावे, मुलांना आवडेल. ओली हळद शिजवून वाळवली की पाच किलोला साधारण एक किलो उतरते, हे हळद पिकवणाऱ्याला सांगायला नको. बाजारातली नेहमीची गोळी पाचशे मिलिग्रॅमची, आणि तिच्यात शेकडा ९५ कर्क्युमीन. म्हणजे एका गोळीत ४७५ मिलिग्रॅम. एवढे कर्क्युमीन मिळवायला सुमारे सोळा ग्रॅम हळदपूड लागेल, किंवा ऐंशी ग्रॅम ओली हळद! आमटीत आपण चिमूटभर टाकतो. तेव्हा गोळी हे अन्न नव्हे, ती औषधाची मात्रा आहे. जागतिक आरोग्य संघटना व अन्न-शेती संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने खाद्यरंग म्हणून कर्क्युमीनची रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोला तीन मिलिग्रॅम ठरवली आहे. साठ किलोच्या माणसाला ती १८० होते. एक गोळी तिच्या दुपटीहून पुढे जाते.

कोणी म्हणेल, जास्त घेतले तर गुण जास्त येईल. पण कर्क्युमीन आतड्यातून रक्तात फारसे जातच नाही. १९९८ साली बंगलोरच्या संशोधकांनी दाखवून दिले, की मिऱ्यातील पायपरीन सोबत दिले तर ते सुमारे वीस पट शोषले जाते. म्हणून पुष्कळ गोळ्यांत मिऱ्याचा अर्क घालतात. मात्र हेच पायपरीन दुसऱ्या काही औषधांचेही रक्तातील प्रमाण वाढवते. मग डॉक्टरांनी मोजून दिलेल्या मात्रेचा हिशेब चुकतो.

शिवाय यकृताचा प्रश्न आहे. २०१९ साली इटलीत अशा गोळ्या घेणाऱ्या काही लोकांना यकृताची सूज आली. २०२२ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी अशाच दहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यातला एक दगावला. सर्वांना असे होते असे नाही. पण गोळी सुरू केल्यावर लघवी गर्द पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना गेली, तर ती तात्काळ थांबवून दवाखाना गाठावा. रक्त पातळ राहण्याची औषधे चालू आहेत, पित्ताशयात खडे आहेत, किंवा यकृताचे दुखणे आहे, अशांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून ती घेऊच नये. गरोदर बायकांनीही हेच पाळावे.

मग गोळीचा उपयोग काहीच नाही का? गुडघेदुखीत काही लहान चाचण्यांत थोडा आराम पडल्याचे दिसले आहे. तेवढेच मानावे. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची चालू औषधे सोडून हिच्यावर विसंबू नये. ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण आपल्याच वाडवडिलांची आहे. उतावळ्याला हळद पावत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

आणि ओली हळद? ती अन्न म्हणून उत्तम. लिंबू, आले घालून लोणचे करावे, भाजीत किसून घालावी. तेलातुपाच्या फोडणीत तिचे सत्त्व बरे उतरते. तिला रंग चढवता येत नाही, हाही एक फायदा. हळकुंडांना पिवळेधमक करण्यासाठी शिशाचा विषारी रंग लावतात, असे २०१९ साली बांगलादेशात उघडकीस आले होते. म्हणून चकाकीला भुलू नये. ओळखीच्या शेतकऱ्याकडची हळकुंडे घेऊन घरी कुटावीत.

सारांश एवढाच. निरोगी माणसाला स्वयंपाकातली हळद पुरे. दुखण्यासाठी गोळी घ्यायची असेल, तर बाटली डॉक्टरांपुढे ठेवावी, चालू औषधे सांगावीत, आणि मगच ठरवावे. घरची हळद आहे म्हणून विचारायचे कशाला, असे मात्र कोणी म्हणू नये.