खाणगावचा ‘जो बाख’



आज आपण एका निर्वासित चित्रकाराची ओळख करून घेऊ. जोसेफ हर्मन यांचा जन्म १९११ साली वॉर्सात, जोडे शिवणाऱ्या एका गरीब ज्यू कारागिराच्या घरी झाला. १९३८ मध्ये त्यांनी पोलंड सोडले. ब्रसेल्स, फ्रान्स असे करत १९४० मध्ये ते ब्रिटनला पोहोचले. पुढे ग्लासगोत असताना कळले, मागे राहिलेले कुटुंब नाझींनी संपवले. परत जायला घरच उरले नाही.

१९४४ मध्ये वेल्समधल्या अस्ट्रॅडगन्लाइस या कोळशाच्या खाणगावी ते सुटीला म्हणून गेले आणि ११ वर्षे राहिले. मावळतीच्या उजेडात पुलावरून घरी परतणारे खाणकामगार त्यांनी पाहिले आणि चित्रांचा विषय मिळाला. ते स्वतः खाणीतही उतरले. गावकरी त्यांना ‘जो बाख’, म्हणजे ‘छोटा जो’, म्हणू लागले. त्यांच्या चित्रांतली माणसे दगडातून घडवल्यासारखी दिसतात, रुंद खांद्यांची, जड हातांची. १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’साठी रंगवलेले त्यांचे ‘मायनर्स’ हे भव्य चित्र आज स्वान्सीच्या ग्लिन व्हिव्हियन कलादालनात आहे.

आपलेही पूर्वज मुलूख सोडून इथे आले. आपण आपली भाषा जपली, आपला गणपती जपला, ते योग्यच. पण ज्या गावाने आपल्याला सामावून घेतले, तिथल्या राबणाऱ्या माणसांकडे आपण हर्मन यांच्यासारखे कधी नीट पाहिले का? यंदा आरतीनंतर घरी जाताना एवढा विचार जरूर करू या.