दगडावर उतरलेली नाईल



नूबियाच्या वाळवंटातून वाहणारी नाईल, काठावर उभा कडा आणि कड्याच्या माथ्यावर इब्रिमचा किल्ला. अशा एका छापील चित्राविषयी आज बोलायचं आहे.

ते काढलं डेव्हिड रॉबर्ट्स या स्कॉटलंडच्या चित्रकारानं. जोडे शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा, नाटकांचे पडदे रंगवत पुढे आलेला. १८३८ साली तो नाईलमधून होडीनं थेट अबू सिंबेलच्या मंदिरांपर्यंत गेला. तिकडची त्याची चित्रं लंडनमध्ये लुई हाघ यानं दगडावर उतरवली आणि १८४२ ते १८४९ या काळात ती भागाभागांनी प्रसिद्ध झाली. हाघचा उजवा हात जन्मतः अधू होता. हे सगळं काम डाव्या हाताचं!

दगडावरच्या या छपाईला शिळाछाप म्हणतात. मुंबईत मुद्रक गणपत कृष्णाजींनी आपली मराठी छपाई सुरू केली तीही अशीच, दगडावरून. गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूनं चित्र काढायचं, तेही उलटं. मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवायचा. ओला दगड शाई झिडकारतो, खडूची रेघ ती धरून ठेवते. फिक्या रंगछटेसाठी आणखी एक दगड लागतो, आणि लख्ख उजेड हवा तिथे त्या दगडावरची छटा खरवडून काढतात. म्हणजे या चित्रांत जिथं ऊन सर्वांत प्रखर, तिथं शाई नाहीच, आहे तो कोरा कागद. ते ऊन मला हाघचं वाटतं. रॉबर्ट्सचं नाव सगळे घेतात, त्याच्या बरोबरीनं हाघचंही घ्यायला हवं.

चित्रातली ती नदी आता तशी राहिलेली नाही. आस्वानचं मोठं धरण १९७० साली पूर्ण झालं आणि त्यामागच्या नासर सरोवराचं पाणी कड्यावर चढलं. इब्रिमचा आता फक्त माथा वर आहे, बेटासारखा. अबू सिंबेलची मंदिरं कापून उंचावर नेली, फिली बेटावरची शेजारच्या बेटावर हलवली. त्यासाठी जगभरातून पैसा आला. इजिप्तमधल्या सुमारे पन्नास हजार नूबियन माणसांना मात्र नदीकाठची घरं सोडून कोम ओंबोकडे जावं लागलं.

रॉबर्ट्सच्या याच चित्रसंग्रहात कोर्ती गावाजवळच्या नूबियन स्त्रियांचं एक चित्र आहे. मंदिरांच्या चित्रांइतकं ते कुणी भिंतीवर लावत नाही. इब्रिमचं चित्र पाहाल तेव्हा तेही शोधून काढा, आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा.