खासगी जमिनीवरून जाणारी वीजवाहिनी आणि जमीनमालकाचे हक्क

विजेची तार एखाद्याच्या जमिनीवरून जाते तेव्हा कायद्याच्या दृष्टीने त्या जमिनीचे संपादन होत नाही, सातबाऱ्यावरचे मालकाचे नाव तसेच राहते आणि तरीही त्या जमिनीत हवे ते करण्याची मोकळीक मालकाला उरत नाही. मालकी एकाकडे आणि वापराचा मर्यादित हक्क दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी आहे. जमीन गेलीच, असे मालक धरून चालतो. जमीन घेतलेलीच नाही, मग किंमत कसली, असा कंपनीचा पवित्रा असतो. आणि या दोन अर्धवट समजुतींच्या मधल्या जागेत बहुतेक तंटे उभे राहतात.

वीज आणि जमीन यांचा संघर्ष पुणे परिसराला नवा नाही. १९२१ मध्ये टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्याचे नेते म्हणून ओळखले गेले. पण तेथे जमीन कायमची पाण्याखाली जाणार होती व ती भूसंपादनाच्या कायद्याने घेतली गेली. वाहिनीखालची जमीन मात्र मालकाच्याच ताब्यात राहते, तिच्यात ज्वारी-बाजरी घेता येते, फक्त तिच्यावर उंच झाड लावता येत नाही आणि घर बांधता येत नाही. शेती हाच जमिनीचा एकमेव उपयोग होता तोवर हा फरक फारसा बोचत नव्हता. महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली, धायरी, लोहगाव, मांजरी, वाघोली येथील शेतजमिनीला घरबांधणीचा भाव आला, तेव्हा ‘पीक घेता येते’ हे उत्तर अपुरे ठरले.

या विषयाचा मूळ कायदा म्हणजे विद्युत अधिनियम, २००३. त्याच्या आधारे वाहिनी खासगी जमिनीत दोन वाटांनी येऊ शकते आणि ती कोणत्या वाटेने आली यावर मालकाचे हक्क बरेचसे अवलंबून असतात. पहिली वाट कलम ६७ व त्याखालील २००६ च्या नियमांची आहे. या नियमांतील तिसऱ्या नियमानुसार परवानाधारक कंपनीने, म्हणजे वीजपुरवठ्याचा परवाना असलेल्या संस्थेने, कोणाच्याही इमारतीवर किंवा जमिनीवर काम करण्यापूर्वी मालकाची अथवा कब्जेदाराची संमती घेतली पाहिजे. त्याने हरकत घेतली तर जिल्हा दंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा शासनाने प्राधिकृत केलेला अधिकारी यांची लेखी परवानगी मिळवली पाहिजे, आणि ती देताना त्या अधिकाऱ्याला भरपाईची रक्कम, वार्षिक भाडे किंवा दोन्ही ठरवून देता येतात. त्या आदेशाविरुद्ध विद्युत नियामक आयोगाकडे फेरतपासणीची मागणी करता येते. वार्षिक भाड्याची ही तरतूद लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण इंग्लंडमध्ये जमीनमालकाला तारांसाठी दरवर्षी भाडे मिळणे ही रुळलेली पद्धत असताना आपल्याकडे नियमात असूनही ते क्वचितच मागितले जाते.

दुसरी वाट कलम १६४ ची, आणि ती मालकाला अधिक कठीण आहे. या कलमान्वये शासन वीज कंपनीला १८८५ च्या भारतीय तारायंत्र अधिनियमातील अधिकार देऊ शकते. देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने तो जुना कायदाही रद्द केला, पण विजेच्या पारेषण वाहिन्यांपुरता त्याचा तिसरा भाग जिवंत ठेवण्यात आला. एका मृत यंत्राचा कायदा असा दुसऱ्याच तारांसाठी राबतो आहे. पारेषण म्हणजे निर्मिती केंद्रापासून उपकेंद्रापर्यंत उच्च दाबाने वीज वाहून नेणे, आणि वितरण म्हणजे उपकेंद्रापासून ग्राहकाच्या मीटरपर्यंत ती पोहोचवणे. राज्य विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाल्यापासून पहिले काम मुख्यत्वे महापारेषण आणि दुसरे महावितरण पाहते. कलम १६४ चे अधिकार मिळालेल्या कंपनीला मालकाची पूर्वसंमती लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पॉवरग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या प्रकरणात म्हटले आहे. मालकाने प्रत्यक्ष अडथळा केला तर जिल्हा दंडाधिकारी कामाला मुभा देणारा आदेश काढू शकतो आणि त्यानंतरचा विरोध फौजदारी गुन्हा ठरतो. म्हणूनच यंत्रासमोर आडवे होण्याचा सल्ला देणारे लोक जमीनमालकाचे हित पाहत नाहीत, असे स्पष्ट म्हणावे लागते. मार्ग बदलण्याची हरकत पाया खोदण्यापूर्वी, लेखी आणि नकाशासह घेतली तरच तिला काही वजन असते.

संमतीचा हक्क काढून घेणाऱ्या याच जुन्या कायद्याने भरपाईचा हक्क मात्र ठामपणे दिला आहे. त्याच्या कलम १० नुसार कंपनीला मालमत्तेत वापरापलीकडे कोणताही हक्क मिळत नाही, तिने शक्य तितके कमी नुकसान केले पाहिजे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई सर्व हितसंबंधितांना दिली पाहिजे. ‘सर्व हितसंबंधित’ या शब्दांत कूळही येते. अडचण ‘नुकसान’ कशाला म्हणायचे इथे होती. दीर्घकाळ त्याचा अर्थ उभे पीक आणि तोडलेली झाडे एवढाच घेतला गेला. पाया खोदताना, मनोरा उभारताना आणि तारा ओढताना अशा तीन टप्प्यांवर पंचनामे होत आणि पिकाचे पैसे दिले की विषय मिटला असे समजले जाई. जमिनीची घटलेली किंमत हेही नुकसानच आहे, ही गोष्ट धोरणात यायला एकविसावे शतक उजाडले.

या घटलेल्या किमतीचा हिशेब वाहिनीपट्ट्यावरून होतो. वाहिनीपट्टा म्हणजे तारांच्या खालची व दोन्ही बाजूंची, बांधकामापासून मोकळी ठेवायची पट्टी. तिची रुंदी साधारणतः १३२ किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी २७ मीटर, २२० किलोव्होल्टसाठी ३५ मीटर आणि ४०० किलोव्होल्टसाठी ४६ मीटर धरली जाते. २२० किलोव्होल्टची वाहिनी एखाद्याच्या शेतातून फक्त १०० मीटर गेली तरी ३,५०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ३५ गुंठे जमीन बांधली जाते, आणि ४० गुंठ्यांचा एकर लक्षात घेता छोट्या खातेदाराचे सर्वस्वच त्या पट्टीत सापडू शकते. मनोऱ्याच्या चार पायांमधली जागा त्या मानाने किरकोळ असते. वादाचा खरा ऐवज मनोऱ्यात नसून पट्टीत आहे, पण जमीनमालकांचे लक्ष बहुधा मनोऱ्याकडेच असते.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रथम मार्गदर्शक सूचना काढून मनोऱ्याच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि पट्टीसाठी कमाल १५ टक्के भरपाई सुचवली. महाराष्ट्र शासनानेही २०१० व २०१७ मध्ये याविषयी शासन निर्णय काढले. जून २०२४ च्या केंद्रीय सूचनांनी मनोऱ्याच्या जागेचा दर २०० टक्के आणि पट्टीचा ३० टक्के केला, आणि मार्च २०२५ च्या पूरक सूचनांनी ग्रामीण भागात ३०, नगरपालिका क्षेत्रात ४५ आणि महानगरपालिका व महानगर क्षेत्रात ६० टक्के असा भेद केला. वरच्या उदाहरणातील ३५ गुंठ्यांपोटी १५ टक्क्यांनी सव्वापाच गुंठ्यांची किंमत हाती येते, ६० टक्क्यांनी २१ गुंठ्यांची. शहराच्या कडेची जमीन आणि खेड्यातली जमीन यांचे नुकसान सारखे नसते, हे मान्य व्हायला इतका काळ लागावा हे धोरणकर्त्यांना भूषणावह नाही. मात्र या सूचना ६६ किलोव्होल्ट व त्यावरील मनोऱ्यांच्या वाहिन्यांसाठी आहेत, गल्लीतल्या खांबांसाठी नाहीत, आणि त्या लागू होणे राज्याच्या स्वीकृतीवर अवलंबून असते. त्यामुळे नोटीस हाती पडली त्या दिवशी कोणता शासन निर्णय अमलात होता हे पाहणे आवश्यक ठरते.

दर कोणताही असो, तो अंतिम शब्द नव्हे. भरपाई अपुरी वाटली तर तारायंत्र अधिनियमाच्या कलम १६ नुसार जिल्हा न्यायाधीशांकडे, पुणेकरांच्या बाबतीत शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात, अर्ज करता येतो. केरळ राज्य विद्युत मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले की एकच ठोकळ सूत्र सगळीकडे लावता येत नाही. जमीन कोठे आहे, तार किती अंतरावरून जाते, ती कडेने जाते की जमिनीचे मधोमध दोन तुकडे करते, हे सारे पाहावे लागते.

वाहिनी एकदा आली की कायमची, ही समजूतही पूर्णपणे खरी नाही. त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मालकाला जमिनीचा असा उपयोग करायचा असेल की त्यासाठी वाहिनी हलवणे गरजेचे किंवा सोयीचे ठरेल, तर तो तशी मागणी करू शकतो. पूर्वी भरपाई मिळाली असल्यास त्याने हलवण्याचा खर्च किंवा मिळालेल्या भरपाईची निम्मी रक्कम, यांपैकी जी लहान असेल ती भरायची असते, आणि कंपनीने दाद दिली नाही तर जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. व्यवहारात मात्र ‘डिपॉझिट वर्क’ या नावाखाली सगळा खर्च अर्जदाराकडून घेण्याकडे कल असतो व सुरक्षा विनियमांचाही बांधकाम करणाऱ्यावरच खर्च टाकण्याकडे रोख आहे. कलम १७ चा उल्लेख अर्जात नसेल तर तो दुसऱ्या बाजूकडून होण्याची शक्यता कमीच.

शहराच्या जुन्या भागात हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. तेथे मनोरे कमी, पण सोसायटीच्या आवारातले रोहित्र, म्हणजे बोलीतली ‘डीपी’, जवळजवळ सर्वत्र आहे. पुरवठ्यासाठी रोहित्र लागत असेल तर त्याची जागा वीज कंपनीला भाडेपट्ट्याने द्यावी लागते; भाडे बहुधा नाममात्र असते, पण मालकी सोसायटीचीच राहते. पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांनी तो करारनामा आधी शोधून काढावा. खिडकी-गच्चीजवळून जाणाऱ्या तारांबाबत ११ किलोव्होल्टपर्यंत इमारतीपासून आडवे अंतर किमान १.२ मीटर आणि ३३ किलोव्होल्टपर्यंत २ मीटर हवे; ते नसेल तर विद्युत निरीक्षकाकडे तक्रार करता येते. तार आधीची की सज्जा आधीचा, हा प्रश्न तेथे प्रथम विचारला जातो, म्हणून मंजूर नकाशा जवळ असावा.

ज्यांच्या जमिनीत उद्या मोजणीची माणसे येतील, त्यांनी काम कोणत्या कलमाखाली चालले आहे हे लेखी विचारावे, पट्टीची लांबी-रुंदी मोजून ती पंचनाम्यात लिहवून घ्यावी, आणि आकडे भरलेले नसतील अशा कागदावर सही करू नये.