हेलसिंकी ते टोकियो : अंतर तेवढंच, वेळ वाढलेला

दोन शहरांतलं अंतर कळलं की विमानप्रवासाचा वेळ सांगता येतो, असं आपण धरून चालतो. फिनलंडमधल्या हेलसिंकीहून टोकियोला जाणाऱ्या विमानांच्या बाबतीत हा हिशेब साफ चुकतो. पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग सुमारे 7,800 किलोमीटरचा, आणि तो बहुतांशी रशियावरून जातो. फेब्रुवारी 2022च्या अखेरीस रशियाचं आकाश फिनलंडच्या विमानांना बंद झालं आणि साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. आता विमानं उत्तर ध्रुवाकडून तरी जातात, नाहीतर दक्षिणेकडून लांबचा वळसा घेतात. 1983 मध्येही, सोव्हिएत हद्द टाळण्यासाठी, फिनएअर या फिनलंडच्या विमान कंपनीनं टोकियोची थेट सेवा ध्रुवावरूनच सुरू केली होती.

मग वेग वाढवून हा वेळ भरून का काढत नाहीत? प्रवासी जेट आधीच ध्वनीच्या वेगाच्या सुमारे 85 टक्क्यांवर उडतं; त्यापुढे हवेचा अवरोध झपाट्यानं वाढतो आणि इंधन भरमसाट जळतं. वाऱ्यानंही वेळ बदलतो, हे खरं. पश्चिमेकडून वाहणारे उंचावरचे वेगवान वारे पूर्वेच्या प्रवासाला हात देतात, परतीला अडवतात. पण ही साडेतीन तासांची वाढ वाऱ्याची नाही, ती राजकारणाची आहे, आणि तिचा भार प्रवाशावरच पडतो.