आधी काय संपते?

(हीरकमहोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



मी भाषेची शिक्षिका. तरीही आज रसायनशास्त्रातील एका संकल्पनेविषयी बोलण्याची मुभा घेते. अकरावीच्या पहिल्याच प्रकरणात ती भेटते आणि पुष्कळ मुले तेथेच अडखळतात. तिचे नाव मर्यादाकारी अभिक्रियाकारक, अर्थात लिमिटिंग रिएजंट. अभिक्रियेत जो पदार्थ आधी संपतो आणि उत्पादन किती मिळणार हे ठरवतो, तो.

‘जो कमी, तोच आधी संपणार’ असे मुले गृहीत धरतात. पंगतीत १० पाने मांडली, पानाला ५ मोदक वाढायचे आणि मोदक आहेत ४०. संख्येने मोदक अधिक. पण आठ पाने वाढून होताच संपतात ते मोदकच. १० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून पाणी करायचे असेल, तर ऑक्सिजन मुबलक भासतो. मात्र ४ ग्रॅम हायड्रोजनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे १० ग्रॅमला ८० ग्रॅम लागेल. ऑक्सिजनच आधी संपतो. पाणी ७२ ग्रॅम मिळते आणि २ ग्रॅम हायड्रोजन उरतो. गुणोत्तर न पाहता केवळ वजने पाहणाऱ्याचे उत्तर येथे हमखास चुकते. (घोकंपट्टीविषयीची माझी मते आपणांस ठाऊक आहेतच.)

हा विषय उत्तरपत्रिकेपुरता असता, तर मी आपला वेळ घेतला नसता. आपल्या या उत्तरेकडील गावात कडाक्याच्या थंडीत दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची अंगीठी ठेवण्याची रीत अजून आहे. १२ ग्रॅम कार्बनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन मिळाला, तर ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. १६ ग्रॅमच मिळाला, तर त्याच कार्बनपासून २८ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड होऊ शकतो. प्रत्यक्षात दोन्ही वायू एकत्रच निघतात. हवा अपुरी पडत जाते तसतसा दुसऱ्याचा वाटा वाढतो. ऑक्सिजन तोकडा पडला की येथे उत्पादन केवळ घटत नाही, ते बदलते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपेतल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही.

यंदा हिवाळी सुट्टीच्या गृहपाठात मुलांना हेच गणित दिले आहे. ते सोडवून आपले मूल ‘झोपण्यापूर्वी अंगीठी अंगणात नेऊन ठेवा’ म्हणाले, तर कृपया त्याचे ऐकावे.